टायमरचा दोष आकड्यात नसतो

प्रोग्रॅमने कर्नलला सांगितलं की मला दर १० मिलिसेकंदांनी उठवत जा, आणि कर्नल त्याला दर ११ मिलिसेकंदांनी उठवत राहिला, तर पहिली शंका येते ती घड्याळ मागे पडत असल्याची. लिनक्सच्या २.६ मालिकेतल्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये साध्या पीसीवर नेमकं असंच व्हायचं, आणि घड्याळ मात्र व्यवस्थित चालत असायचं. हिशेब असा होता. पीसीतल्या जुन्या टायमर चिपचे ठोके सेकंदाला ११,९३,१८२. कर्नलला हव्या होत्या सेकंदाला १,००० टिक. भागाकार केला की एका टिकच्या वाट्याला १,१९३ ठोके येतात आणि थोडी बाकी उरते. चिपला अपूर्णांक कळत नाही, त्यामुळे ती बाकी सोडून द्यावी लागते. परिणामी एक टिक पूर्ण मिलिसेकंदाची न राहता सुमारे ९,९९,८४८ नॅनोसेकंदांची होते. अशा १० टिक मिळून ९.९९८४८ मिलिसेकंद भरतात, म्हणजे मागणीला दीड मायक्रोसेकंद कमी पडतो. पॉझिक्सचा नियम सांगतो की मागितलेल्या वेळेआधी कोणाला उठवायचं नाही. नियम पाळायचा म्हणून कर्नल अकरावी टिक उजाडेपर्यंत थांबायचा. प्रत्येक वेळी. दीड मायक्रोसेकंदाच्या तुटीपायी दहा टक्क्यांची चूक व्हायची, आणि कोडमधली एकेक ओळ तपासली तर प्रत्येक ओळ बरोबर निघायची. याआधी, सेकंदाला फक्त १०० टिक असताना, हीच मागणी एका टिकमध्ये बिनबोभाट भागत होती. म्हणजे घड्याळाचे दात दहापट बारीक केल्यावर या एका मागणीपुरती परिस्थिती उलट बिघडली.

कर्नलच्या टायमरवर काम करण्यात बरीच वर्षं गेल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. टायमरचा बिघाड आकड्यात दिसतो, पण राहतो गृहीतकात. वरच्या उदाहरणात ‘एक टिक म्हणजे एक मिलिसेकंद’ हे कोणीतरी मनात धरलं होतं. आणखी कुठे ‘मोजणी कधी थांबत नाही’ असं धरलेलं असतं, कुठे ‘वेळ बदलली तर मला कळवलं जाईल’ असं. या गोष्टी कोडमध्ये लिहिलेल्या नसतात, म्हणून कोड वाचून सापडत नाहीत. सापडतो तो आकडा: इतके मायक्रोसेकंद उशीर, इतके इंटरप्ट जास्त. मग मोह होतो आकड्यालाच हात घालण्याचा. थोडी मर्यादा वाढवली, थोडा विलंब घातला, टेबलावरची मशीन शांत झाली की पॅच पाठवून दिला. असे पॅच मी भरपूर वाचले आहेत, आणि त्यांतले बरेचसे दोन-चार आवृत्त्यांनंतर दुसऱ्याच नावाच्या बगरूपात परत आलेलेही पाहिले आहेत.

हे पटवून द्यायचं तर आधी रचना समजून घ्यायला हवी. कर्नलला वेळेबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारले जातात. आत्ता किती वाजले, हा एक. अमुक वेळी मला उठव, हा दुसरा. पूर्वी दोन्हींचं उत्तर एकच टिक देत असे. टिक आली की घड्याळ एक पाऊल पुढे सरकायचं आणि त्याच पावलावर ज्यांची मुदत भरली त्यांना उठवलं जायचं. २००६ मध्ये, २.६.१६ या आवृत्तीत, हायरेझोल्यूशन टायमरची नवी यंत्रणा आली. तिने मुदती नॅनोसेकंदांत, ६४ बिटांच्या आकड्यात ठेवल्या आणि त्या रेड-ब्लॅक ट्रीमध्ये क्रमाने लावल्या. २००७ च्या २.६.२१ मध्ये पीसीवर ती खऱ्या अर्थाने टिकपासून सुटली: सर्वांत जवळची मुदत कोणती ते पाहायचं आणि हार्डवेअरला नेमका तेवढ्यापुरता एक इंटरप्ट सांगून ठेवायचा. लोक या बदलाकडे सूक्ष्मतेचा विजय म्हणून पाहतात. माझ्या मते त्यातली मोठी गोष्ट वेगळी होती. वेळ वाचणारं हार्डवेअर आणि इंटरप्ट देणारं हार्डवेअर ही दोन माणसं वेगळी केली गेली, आणि दुसऱ्याच्या शब्दावर पहिल्याला विचारल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही असं ठरलं. इंटरप्ट देणाऱ्याचा वेग मोजताना थोडी गफलत झाली आणि इंटरप्ट दोन मायक्रोसेकंद लवकर आला, तर काय होतं? कर्नल घड्याळ वाचतो, मुदत भरलेली नाही असं पाहतो, पुन्हा इंटरप्ट लावतो आणि परत जातो. एक इंटरप्ट फुकट गेला, पण वेळेआधी कोणी उठलं नाही. ‘इंटरप्ट आला म्हणजे वेळ झाली’ हे गृहीतकच काढून टाकलं, आणि त्याबरोबर दोषांची एक पूर्ण जात संपली. ती कोणत्याही मर्यादेला हात न लावता संपली.

इथे एक आक्षेप नेहमी येतो: मग सगळेच टायमर या यंत्रणेवर का नेले नाहीत? कारण टायमर मागणारे दोन प्रकारचे असतात. काहींना खरंच त्या क्षणी उठायचं असतं. आवाज वाजवणारा, मोटर चालवणारा, पुढची फ्रेम काढणारा. बाकीचे, आणि संख्येने तेच फार जास्त, फक्त खबरदारी म्हणून मुदत लावतात. नेटवर्कवर पॅकेट पाठवलं, इतक्या वेळात पोच आली नाही तर पुन्हा पाठवू, असं म्हणून लावलेला टायमर बहुतेक वेळा पोच येताच रद्द होतो. तो लावणं आणि काढणं स्वस्तात व्हायला हवं. तो कधी वाजेल याच्या अचूकतेला फारशी किंमत नाही. यासाठीची चक्राची रचना १९८७ मध्ये जॉर्ज वर्गीज आणि टोनी लॉक यांनी मांडली. वर्गीज आयआयटी मुंबईचे पदवीधर, हे पवईत शिकलेल्या कितीतरी सिस्टीम्सवाल्यांनाही माहीत नसतं. लिनक्समधलं चक्र २०१६ साली ४.८ आवृत्तीत नव्याने लिहिलं गेलं, तेव्हा लांबच्या मुदती मुद्दाम ओबडधोबड ठेवल्या: मुदत जितकी लांब, तितका उशीर चालेल, साडेबारा टक्क्यांपर्यंत. त्यामुळे दूरच्या मुदती जवळ आल्या की त्यांना एका चाकावरून दुसऱ्या चाकावर हलवण्याचं जुनं काम बंद झालं. अचूकता कमी केली आणि यंत्रणा सुधारली, कारण ‘लांबची मुदतसुद्धा नेमकी हवी’ हे कोणी तपासलेलंच नव्हतं.

आता हार्डवेअरकडे. एचपीईटी नावाचा टायमर बऱ्याच पीसींमध्ये असतो. त्यात एक मोजणी सतत वाढत असते आणि शेजारी एक रजिस्टर असतं. रजिस्टरमधल्या आकड्याशी मोजणी जुळली की इंटरप्ट येतो. ‘जुळली की’ यात सगळं आलं. तुलना समानतेची आहे, ‘गाठली किंवा ओलांडली’ अशी नाही. समजा मुदत फार जवळची आहे. कर्नलने मोजणी वाचली, त्यात थोडे ठोके मिळवले, बेरीज रजिस्टरमध्ये लिहिली. आणि लिहिणं चिपपर्यंत पोहोचेतो मोजणी त्या आकड्याच्या पुढे निघून गेली. पाच वाजून गेल्यावर पाचचा गजर लावला तर तो दुसऱ्या दिवशीच वाजणार, तसा हा इंटरप्ट आता पूर्ण फेरी मारूनच येईल. मोजणी ३२ बिटांची, वेग सेकंदाला साधारण १ कोटी ४३ लाख ठोके. एक फेरी जवळजवळ ३०० सेकंदांची. मशीन पाच मिनिटं गप्प बसते आणि मग काही घडलंच नसल्यासारखी पुढे चालू लागते. लॉगमध्ये काही नाही, कारण त्या काळात लॉग लिहायला कोणी जागंच नव्हतं. आकड्यावरची दुरुस्ती अशी असते: आत्तापासून इतक्या ठोक्यांच्या आतली मुदत स्वीकारायचीच नाही. हे पुष्कळ मशीनवर चालतं. पण एखाद्या चिपसेटवर लिहिणं अजून उशिरा पोहोचतं, किंवा लिहिण्याच्या आत फर्मवेअर प्रोसेसरला मध्येच उचलून नेतं, आणि पाच मिनिटांची शांतता परत येते. दुसरी दुरुस्ती गृहीतकाची: ‘लिहिलं म्हणजे लागलं’ हे सोडून द्यायचं. लिहून झाल्यावर मोजणी पुन्हा वाचायची, मुदत ओलांडली गेली असेल तर वरच्या थराला ‘उशीर झाला’ असं कळवायचं, आणि त्याने पुढची वेळ ठरवायची. यात एक वाचन वाढतं, आणि एचपीईटीचं वाचन महाग असतं. तरी ही किंमत मला योग्य वाटते.

अशा प्रसंगात शोध कसा घ्यायचा, याची एक रीत मला फार उपयोगी पडत आली आहे. कर्नल प्रॉकमध्ये टायमर लिस्ट दाखवतो. तिथे प्रत्येक कोअरसाठी आत्ताची वेळ, लावलेले टायमर, पुढची मुदत, किती इंटरप्ट आले, किती वेळा पुन्हा प्रयत्न करावा लागला, किती वेळा अडकायला झालं, हे सगळं ओळीने असतं. पुढची मुदत आत्ताच्या वेळेच्या बरीच मागे राहिली असेल आणि तरी इंटरप्ट आलेला नसेल, तर दोष इंटरप्ट देणाऱ्याच्या बाजूला आहे. मुदत स्वतःच वेडीवाकडी असेल, वर्षानुवर्षं पुढची किंवा शून्याच्या खालची, तर कोणीतरी बेरीज करताना आकडा मावेनासा झाला आहे. आणि दोन्ही ठीक दिसत असून प्रोग्रॅम तक्रार करत असेल, तर प्रोग्रॅमचं घड्याळ आणि टायमरचं घड्याळ एकच आहे का, हे बघायचं. या तीन वाटा आधी वेगळ्या केल्या नाहीत तर माणूस महिनोन्‌महिने चुकीच्या थरात खोदत बसतो.

पहिल्या वाटेवरचं सर्वांत बोलकं उदाहरण झोपणाऱ्या प्रोसेसरचं. हायरेझोल्यूशन यंत्रणेसाठी प्रत्येक कोअरमधला लोकल एपिक टायमर सोयीचा. जवळ आहे, जलद आहे. त्या काळच्या अनेक प्रोसेसरांवर कोअर गाढ झोपेत गेला, ज्याला सी३ म्हणतात, की हा टायमरही झोपायचा. टिक होती तोपर्यंत ती बाहेरच्या चिपकडून येऊन कोअरला हलवायची, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. टिक गेली आणि लॅपटॉप मध्येच थांबू लागले. लक्षण मोठं नमुनेदार असायचं: कीबोर्डवरची कुठलीही कळ दाबली किंवा माउस हलवला की काम पुढे सरकायचं, हात काढला की पुन्हा थांबायचं. कळ दाबल्याने इंटरप्ट येतो, कोअर जागा होतो, घड्याळ वाचतो, मुदत केव्हाच उलटल्याचं त्याला कळतं. हे लक्षण सांगणाऱ्या वापरकर्त्याने अर्धं निदान करून दिलेलं असतं, फक्त ऐकणाऱ्याने ते ऐकायला हवं. उपाय असा झाला की गाढ झोपेत जाण्याआधी कोअर आपली मुदत एका न झोपणाऱ्या टायमरकडे सोपवून जातो, आणि तो टायमर वेळ झाली की ज्याला त्याला उठवतो. पुढे प्रोसेसर बनवणाऱ्यांनी कधीच न थांबणारा लोकल टायमर दिला आणि तसं सांगणारा एक बिटही दिला. तो बिट नसेल तर कर्नल आजही धरून चालतो की टायमर झोपेल.

हार्डवेअरच्या चुका कर्नलने का झेलायच्या, हा आक्षेप रास्त आहे. चिप सदोष असेल तर ती बनवणाऱ्याने सुधारावी. पण विकली गेलेली चिप परत येत नाही, ती दहा-बारा वर्षं कोणाच्या तरी टेबलावर चालते, आणि त्या माणसासाठी मशीन अडकली म्हणजे लिनक्स अडकलं. शिवाय वरच्या दोन्ही उदाहरणांत चिप सदोष म्हणता येईल का, याचीच मला शंका आहे. एचपीईटी समानता तपासतो ही त्याची लिहून दिलेली वागणूक. सी३ मध्ये टायमर थांबतो हीसुद्धा. चूक आमच्या बाजूच्या समजुतीत होती.

याहून धारदार आक्षेप माझ्या मतावरच घेता येतो. कर्नल स्वतःच आकड्यावरची दुरुस्ती करतो, आणि उघड करतो. इंटरप्ट लावण्याचा प्रयत्न लागोपाठ फसत राहिला तर काही रचनांवर कर्नल ‘कमीत कमी अंतर’ आपोआप वाढवतो. आधी ५ मायक्रोसेकंद, मग दर वेळी दीडपट, एका टिकच्या मर्यादेपर्यंत. तसंच टायमरच्या इंटरप्टमध्येच मुदतीमागून मुदती संपत राहिल्या आणि बाहेर पडता येईना, तर तीन प्रयत्नांनंतर तो पुढचा इंटरप्ट जबरदस्तीने लांबवतो, जास्तीत जास्त १०० मिलिसेकंदांनी, म्हणजे बाकीच्या कामाला श्वास घेता येतो. ही मलमपट्टीच आहे. पण तिच्यात आणि मी ज्याला विरोध करतो त्या पॅचमध्ये मला स्पष्ट फरक दिसतो. दोन्ही ठिकाणी कर्नल लॉगमध्ये लिहितो की मी हे केलं. दोन्हींना कमाल मर्यादा आहे. आणि मशीन पूर्ण अडकण्यापेक्षा रडतखडत चालणं बरं, हा निर्णय तिथे विचारपूर्वक घेतलेला आहे. ग्राहकाची मशीन आज रात्री चालायला हवी असेल तर मीही आकडा वाढवायला सांगेन. पण पॅचसोबतच्या मजकुरात ‘कारण कळलेलं नाही’ हे शब्द असले पाहिजेत. ते नसले की पुढचा माणूस त्या आकड्यालाच सत्य समजतो, आणि त्याच्यावर आणखी एक मजला चढवतो.

खोटं कोण बोलतं हे ठरवणंही दर वेळी सोपं नसतं. प्रोसेसरमधला टीएससी हा सर्वांत जलद वाचता येणारा काउंटर. जुन्या प्रोसेसरांवर तो वेग बदलला की बदलायचा, झोपेत थांबायचा, दोन सॉकेटांमध्ये वेगवेगळा असायचा. म्हणून कर्नल दर अर्ध्या सेकंदाला त्याची दुसऱ्या घड्याळाशी पडताळणी करतो, आणि फरक जास्त दिसला तर टीएससीला अविश्वसनीय ठरवून संथ घड्याळाकडे वळतो. बऱ्याच काळापर्यंत हा फरक साडेबासष्ट मिलिसेकंदांचा होता. आता पडताळणीसाठी निवडलेलं घड्याळ एसीपीआयचा पॉवर मॅनेजमेंट टायमर आहे असं समजा. त्याची मोजणी २४ बिटांची, सेकंदाला ३५,७९,५४५ ठोके, दर ४.७ सेकंदांनी ती शून्यावर येते. व्हर्च्युअल मशीन होस्टने पाच सेकंद बाजूला ठेवलं, तर परत आल्यावर टीएससी म्हणतो पाच सेकंद गेले, पॉवर टायमर म्हणतो तीनशे मिलिसेकंद गेले. खरं टीएससी सांगतो आहे, आणि शिक्षा त्यालाच होते. त्यानंतर प्रत्येक वेळवाचन संथ होतं आणि डेटाबेसवाले विचारतात की कालपर्यंत चालणारा सर्व्हर आज असा का धापा टाकतो. इथे सुचवली जाणारी सोपी वाट म्हणजे फरकाची मर्यादा वाढवणं. ती कितीही वाढवली तरी प्रश्न तिथेच राहतो, कारण मुळात धरलं होतं ते असं की पडताळणारा कधी उशिरा येणार नाही. २०२१ मध्ये आलेल्या बदलाने पडताळणी करताना दुसरं घड्याळ लागोपाठ दोनदा वाचायला सुरुवात केली. दोन वाचनांमध्येच बराच वेळ गेला असेल तर मधल्या काळात कोणीतरी अडथळा आणला, मग ते वाचन टाकून पुन्हा घ्यायचं. पाच सेकंदांच्या खोळंब्यावर तो पूर्ण इलाज नाही, पण पडताळणाऱ्यालाही पडताळलं पाहिजे हे त्यात मान्य झालं.

या सगळ्यात ज्या घटनेने जगभरच्या लोकांना हायरेझोल्यूशन टायमरचं अस्तित्व कळलं, ती ३० जून २०१२ ची. त्या रात्री यूटीसीत एक लीप सेकंद घातला गेला. भारतात तेव्हा १ जुलैची, रविवारची पहाट होती, साडेपाचचा सुमार. त्या सेकंदानंतर अनेक मोठ्या संकेतस्थळांच्या सर्व्हरांवर प्रोसेसरचा वापर एकदम वर गेला आणि वरच राहिला. जावाचे प्रोग्रॅम, डेटाबेस, काही ब्राउझरसुद्धा जागच्या जागी गरगरत होते. मशीन जिवंत, तारीख बरोबर, लॉगमध्ये तक्रार नाही. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला तरी फरक नाही. मग एक उपाय तोंडोतोंडी पसरला, जो ऐकून कोणाचाही विश्वास बसणार नाही: घड्याळाला जी वेळ आहे तीच पुन्हा लावा. ५ वाजून ५० मिनिटं झाली आहेत, तर ५ वाजून ५० मिनिटंच लावा. आणि मशीन तत्क्षणी शांत व्हायची.

आत घडलं होतं ते असं. हायरेझोल्यूशन टायमर मनातल्या मनात एकाच घड्याळावर चालतो, जे मशीन सुरू झाल्यापासून फक्त पुढे जातं. भिंतीवरच्या वेळेनुसार कोणी मुदत मागितली तर तो दोन घड्याळांमधला फरक आपल्याजवळ ठेवतो आणि तो वजा करून हिशेब करतो. लीप सेकंदाने भिंतीवरचं घड्याळ एक सेकंद मागे आलं. वेळ राखणाऱ्या थराने स्वतःचा फरक दुरुस्त केला. टायमरजवळची प्रत जुनीच राहिली. टायमरच्या दृष्टीने भिंतीवर एक सेकंद जास्त झाला होता. ज्यांनी दहा सेकंदांची मुदत मागितली त्यांना नवव्या सेकंदाला उठवलं, आणि त्यांना ते कळलंही नाही. पण ज्यांनी ‘आत्तापासून ३०० मिलिसेकंद’ मागितले, त्यांची मुदत टायमरला आधीच उलटलेली दिसली. तो लगेच म्हणाला, वेळ संपली. प्रोग्रॅमने पाहिलं, काम काही आलेलं नाही, पुन्हा ३०० मागितले. पुन्हा तेच. ही फेरी यंत्राच्या पूर्ण वेगाने चालली होती. आणि वेळ पुन्हा लावण्याने काय व्हायचं? माणसाने वेळ लावली की कर्नल टायमरला ‘घड्याळ बदललं’ असा निरोप देतो, टायमर फरक नव्याने घेतो. लीप सेकंदाच्या वाटेवर हा निरोप दिलाच जात नव्हता.

निरोप देणारी ओळ आधी होती, हे यातलं सर्वांत महत्त्वाचं. २००७ मध्ये ती काढली गेली, आणि योग्य कारणाने. ती इंटरप्ट चालू असताना, वेळेचं लॉक हातात धरून चालायची, आणि निरोप सगळ्या कोअरना पोहोचवायचा असायचा. अशाने मशीन कायमची अडकू शकते. ओळ काढल्याने तो धोका गेला. पण ‘वेळ बदलली तर मला कळवलं जाईल’ हे टायमरचं गृहीतक तसंच जागच्या जागी उभं राहिलं, आणि त्याला आता कोणी कळवणारं नव्हतं. पाच वर्षांनी जी दुरुस्ती आली तिचे दोन भाग होते. एक, निरोप पुन्हा सुरू झाला, पण इंटरप्ट संपल्यावर, सुरक्षित ठिकाणाहून. दोन, टायमरच्या प्रत्येक इंटरप्टमध्ये वेळ आणि फरक ही दोन्ही वाचनं एकाच झटक्यात, मध्ये कोणाला शिरू न देता घेतली जाऊ लागली. दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक मोलाचा वाटतो. निरोप चुकला तरी इंटरप्टचा हिशेब आता चुकत नाही, कारण टायमर निरोपाची वाटच पाहत नाही. त्यानंतर कर्नलच्या चाचण्यांमध्ये कृत्रिम लीप सेकंद पुन्हा पुन्हा घालून पाहणारी चाचणीही आली. अशा चाचण्या आधीच का नव्हत्या, असं विचारणारे बरोबरच विचारतात. पण जे गृहीत धरलं आहे हेच माहीत नाही, त्याची चाचणी कोण लिहिणार?

इतक्या सूक्ष्मतेची गरजच कोणाला आहे, हा आक्षेप मी शेवटी ठेवला, कारण तो मला अर्धा मान्य आहे. बहुतेक प्रोग्रॅमना नसते. म्हणूनच साध्या प्रोसेसना कर्नल ५० मायक्रोसेकंदांची ढिलाई देतो आणि जवळजवळच्या मुदती एकत्र करून एकाच इंटरप्टमध्ये निपटतो, बॅटरी वाचते. रिअलटाइम प्राधान्याच्या प्रोसेसना ही ढिलाई मिळत नाही. पण सूक्ष्मता कोणाला नको असली तरी शब्द पाळला जाणं सगळ्यांना हवं असतं, आणि कोणता शब्द दिला आहे हे कधीकधी मोडल्यावरच कळतं. २०१८ मध्ये, ४.१७ तयार होत असताना, फक्त पुढे जाणाऱ्या घड्याळात मशीन झोपलेली असतानाचा वेळही धरावा असा बदल केला गेला. तर्क सुबक होता, दोन घड्याळांचं एक झालं असतं. झोपून उठलेल्या मशीनवर पाळत ठेवणाऱ्या प्रोग्रॅमना वाटू लागलं की सेवा तासन्‌तास उत्तरच देत नाहीत, आणि त्यांनी धडधाकट सेवा मारून टाकल्या. आवृत्ती बाहेर पडण्याआधी बदल मागे घेतला गेला. वापरणाऱ्यांनी चुकीचं गृहीत धरलं होतं असं म्हणून हात झटकता आले असते. मला मागे घेणंच बरोबर वाटतं; इतक्या वर्षांत ती वागणूकच करार झाली होती.

लीप सेकंद तरी आता जाणार आहे, मग त्याची चिंता कशाला, असंही म्हटलं जातं. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२२ मध्ये ठरवलं की २०३५ पर्यंत ही पद्धत संपुष्टात आणावी. १९७२ पासून आजवर २७ लीप सेकंद घातले गेले, शेवटचा २०१६ च्या अखेरीस. सगळेच्या सगळे घातलेले. काढलेला एकही नाही. अलीकडे पृथ्वीचं फिरणं थोडं जलद झालं आहे, त्यामुळे पद्धत संपण्याआधी एखादा सेकंद काढावा लागण्याची शक्यता गंभीरपणे बोलली जाते. सेकंद काढण्याचा कोड कर्नलमध्ये आहे, चाचण्यांमध्ये चालतो, आणि खऱ्या जगात एकदाही चाललेला नाही. तसं झालं तर भिंतीवरचं घड्याळ एक सेकंद पुढे उडी मारेल, आणि ज्यांची मुदत त्या गाळलेल्या सेकंदात पडली त्यांना उडीच्या क्षणीच उठवावं लागेल. कर्नल ते करेल असं मला वाटतं. त्याच्यावर बसलेले डेटाबेस, मेसेज क्यू, व्यवहारांना वेळेचा शिक्का मारणारे प्रोग्रॅम काय करतील हे त्यांच्या मालकांनी आत्ताच पाहून घ्यावं. कृत्रिम सेकंद घालण्याची आणि काढण्याची सोय कर्नलने एका सिस्टीम कॉलमध्ये दिलेली आहे, आणि चाचणीच्या मशीनवर ती वापरायला एक दुपार पुरते.